डीव्हीडीतला तिसरा पदर

देवळीच्या बसस्टँडसमोर माझं डिस्कचं दुकान होतं. पाटीवर दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात माझं नाव आणि नावापुढे बी.एस्सी. लिहिलेलं. ही पाटी मी सांगितली तशी नव्हती, वडिलांनी सांगितली तशी होती. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडील अख्खी दुपार पेंटरच्या डोक्यावर उभे राहिले. "नाव लहान झालं तं चालन, पन ते बी.एस्सी. एसटीतून दिसलं पायजे." पेंटरने मग त्या अक्षरांना खालून शेड मारली. शेड मारली की अक्षर उठून दिसतं, कारण एका रेघेखाली आणखी एक रेघ येते. ही शेड लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण रोज सकाळी शटर वर केलं की ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाटी पाहायचे, आणि मग परत येऊन दुकानातल्या स्टुलावर बसायचे. आलेल्या गिऱ्हाइकाला डिस्क हवी असो की पाणी, त्याला आधी माझं शिक्षण कळायचं. गावाने माझं नाव टाकून दिलं आणि मला 'बीएस्सी' म्हणायला सुरुवात केली. "ए बीएस्सी, नवीन काय आलं?" मला आवडायचं. खोटं कशाला सांगू.

फिजिक्समध्ये माझा प्रकाशाचा पेपर सगळ्यात चांगला गेला होता. नोकरी काही लागली नाही, म्हणून मी प्रकाश भाड्याने द्यायला लागलो. एका दिवसाची डिस्क, वर एक व्याख्यान फुकट. आजच्या पोरांना डिस्क म्हणजे काय हेच सांगावं लागतं, तर ते व्याख्यान इथेही देऊन टाकतो.

डिस्कच्या तीन पिढ्या झाल्या. वीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे. तिन्ही दिसायला सारख्या, तेवढ्याच मोठ्या, तेवढ्याच चकचकीत. फरक आत. दिवाळीचा अंक आहे तर रांगोळीचंच उदाहरण घ्या. टीव्हीवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. वीसीडीच्या एका चित्रात सुमारे एक लाख ठिपके. डीव्हीडीत चार लाख. ब्लू-रेत वीस लाख. ठिपके कमी असले की मोर काढा नाहीतर कोंबडी, दोन्ही सारखीच दिसतात. वीसीडीत हिरो उभा असला तर माणूस असायचा, पळायला लागला की विटांचा ढीग व्हायचा. शिवाय एका वीसीडीत अख्खा सिनेमा मावत नसे. हिरॉइन "मी तुला कधीच…" म्हणाली की डिस्क संपायची. पुढचा शब्द ऐकायला उठून दुसरी डिस्क लावा.

हे सगळं मी हातवारे करून सांगायचो. लोक मान हलवायचे आणि विचारायचे, "याच्यात किती पिच्चर हाय?"

कारण तोवर आठवडी बाजारात एकात सहा सिनेमे असलेली डीव्हीडी आली होती. डीव्हीडीत जागा नीट एका सिनेमाची. सहा बसवायचे म्हणजे बाजाराच्या दिवशीची काळीपिवळी जीप. सगळे पोचतात, पण उतरल्यावर कोण कोण आहे ते ओळखू येत नाही. मी समजावून सांगितलं की यापेक्षा वीसीडी परवडली. तर एक काका म्हणाले, "बीएस्सी, तुले एक विकायचा हाय म्हनून तू असं बोलून राह्यला." गेले आणि सहावाली घेऊन आले. पुढच्या आठवड्यात मला बोलावून दाखवलं. पडद्यावर काहीतरी हलत होतं. काका खूश होते. "पाह्य, सहाच्या सहा चालते!"

एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचा टीव्ही चौदा इंची, आणि त्याची ट्यूब इतकी थकलेली की हिरो हिरवा आणि व्हिलनही हिरवा. त्या टीव्हीवर वीसीडी लावा, डीव्हीडी लावा, दोन्ही शेवाळातूनच दिसणार. पण गुरुजी डीव्हीडीच न्यायचे, आणि नेताना डबा छातीशी असा धरायचे की नाव बाहेरच्या बाजूला येईल. मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्या टीव्हीवर फरक नाही दिसणार." गुरुजी म्हणाले, "टीव्हीवर नाई दिसन. रस्त्यानं दिसते ना."

मी तेव्हा हसलो. माझी स्वतःची पाटी डोक्यावर होती, ती आतून दिसत नव्हती.

मग ब्लू-रे आली. जिल्ह्यात अजून कोणाकडे नसेल या हिशोबाने मी नागपूरहून एक प्लेअर आणला, मोठा टीव्ही आणला, दुकानापुढे खुर्च्या टाकल्या आणि गावाला पेढे दिले. वडिलांनी नवीन धोतर नेसलं होतं. मी वीस लाख ठिपक्यांचं भाषण ठोकलं आणि डिस्क लावली. समुद्र, मासे, मधमाश्या. लोक वेडे झाले. "पाह्य ना बे, माशीचे पाय मोजून घे!" पहिल्या रांगेत कृषी केंद्रवाल्यांच्या सुमनकाकू होत्या. खत-बियाण्याचं दुकान त्यांच्या यजमानांचं, पण गावात शब्द काकूंचा चालायचा. त्या उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता डोळे फुटले तरी चालन. पाहायचं ते पाहून झालं."

दुसऱ्या दिवशी खोका आवरताना मला त्यात एक वायर सापडली, प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली. ब्लू-रेचं पूर्ण चित्र फक्त त्या वायरीतून जातं. मी घाईत आमची जुनीच पिवळ्या पिनची वायर जोडली होती. तिच्यातून जेमतेम डीव्हीडीएवढं चित्र येतं. म्हणजे अख्ख्या गावाने काल माझ्या पेढ्यांवर साधी डीव्हीडी पाहिली होती आणि माशीचे पाय मोजले होते.

मी कोणाला सांगितलं नाही. वायर बदलली आणि गप्प बसलो. पण त्या दिवशी मला धंद्यातलं एक गुपित कळलं. माणूस चित्र पाहत नाही, आधी डब्यावरचं वाचतो आणि मग तेच त्याला चित्रात दिसतं. शिकलेल्या माणसाने हे कळल्यावर सावध व्हायला पाहिजे. मी हुशार झालो.

भाड्याच्या डिस्कवर घर चालत नसे. खरं काम लग्नाचं. शूटिंगवाला लग्नात शूटिंग करायचा आणि कॅसेट माझ्याकडे यायची. ती मी कॉम्प्युटरमध्ये घेऊन तिचं मिक्सिंग करायचो. मिक्सिंग म्हणजे नवरी कमळातून उगवणार, नवरदेव बदामातून डोकावणार आणि नागपूरच्या पलीकडे कधी न गेलेलं जोडपं बर्फाच्या डोंगरावरून चालत येणार. दोघांच्या कपाळावर मुंडावळ्या तशाच. शेवटी डिस्क काढायच्या आणि कॅसेट शूटिंगवाल्याला परत. तो तीच कॅसेट पुढच्या लग्नात वापरायचा. म्हणजे एका लग्नावर दुसरं लग्न चढायचं आणि पहिल्याचं मूळ चित्र कायमचं जायचं. मी पण डिस्क निघाली की कॉम्प्युटरमधून सगळं पुसून टाकायचो, कारण पुढच्या कमळाला जागा पाहिजे असे. सगळे असंच करायचे. आमच्यातल्या कोणालाही असं वाटलं नाही की मूळ चित्र कोणाला पुन्हा लागेल.

सुमनकाकूंच्या प्रफुलचं लग्न सिंदी रेल्वे या गावच्या वैशालीशी झालं. दोन्ही घरांना मी वीसीडी काढून दिल्या आणि नेहमीप्रमाणे सगळं पुसलं. दोन महिन्यांनी काकू दुकानात.

"बीएस्सी, नालवाडीवाल्या आमच्या जाऊबाईकडं लग्नाची डीव्हीडी हाय. आमची काऊन वीसीडी?"

"तुम्ही तेव्हा वीसीडीच सांगितली होती काकू."

"आता डीव्हीडी सांगून राह्यली ना. दे काढून."

सरळ सांगायचं होतं की मूळ कॅसेटवर आता दुसऱ्या कोणाची तरी वरात आहे. मी "परवा या" म्हणालो. त्यांच्याच वीसीडीवरून डीव्हीडी काढली. एक लाख ठिपक्यांची रांगोळी चार लाखांच्या अंगणात ताणली. मधले तीन लाख ठिपके कुठून आले? कॉम्प्युटरने अंदाजाने भरले. ताणल्यावर चित्र फुळकवणी दिसायला लागलं, म्हणून मी त्यातलं एक बटण दाबलं. त्याने चित्र धारदार होतं. होतं म्हणजे काय, तर प्रत्येक उजळ वस्तूच्या कडेला कॉम्प्युटर आणखी एक रेघ मारतो. पेंटर अक्षरांना मारतो तशीच शेड. वस्तू उठून दिसते. वर नवरा-नवरीचा फोटो असलेलं कव्हर छापलं आणि त्यावर सोनेरी अक्षरात 'डीव्हीडी क्वालिटी'.

काकूंनी ती नालवाडीत दाखवली. जाऊबाईंच्या डीव्हीडीपेक्षा यांची साफ निघाली म्हणे. शेड होती ना.

दोनेक वर्षांनी, दिवाळी झाल्यावर, काकू ती डीव्हीडी घेऊन आल्या. त्यांच्याकडे आता भिंतीवरचा मोठा टीव्ही आला होता.

"याच्यातून फोटो निंगते काय?"

"निघते ना. कोणता पाहिजे?"

"सूनमुखाचा. पन मी नोको त्याच्यात. नुस्ती सून. गळ्यापाशी मोठं कर."

सूनमुख म्हणजे सासू सुनेला जवळ घेऊन आरशात तिचं तोंड पाहते तो विधी. चित्रात दोघी गालाला गाल लावून होत्या. मी काकूंना कापून बाहेर काढलं, वैशालीचा गळा मोठा केला आणि कशाला हवाय ते विचारलं नाही. मोठं केल्यावर थोडं पुसट वाटलं, म्हणून ते बटण आणखी एकदा दाबलं. काकूंनी चष्मा लावून पाहिला.

"एकदम साफ आला."

"डीव्हीडी आहे काकू," मी म्हणालो. "दाणा न दाणा मोजून घ्या."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी आज त्याच्यावर लिहिलं असतं.

काकूंनी मोजले. वैशालीच्या गळ्यात सोन्याची पोत होती. तिच्या आजीचं जुनं सोनं मोडून तिच्या वडिलांनी, मोतीरामजींनी, लग्नासाठी करून घेतलेली. जुन्यातून केलेली, त्यामुळे पावती वगैरे काही नाही. वैशाली ती दोनपदरी घालायची. फोटोत तीन पदर दिसत होते. काकूंनी हिशोब जुळवला. लग्नात तीन होते, आता दोन. म्हणजे पोरीने माहेरी जाऊन एक पदर बापाला परत दिला. तो फोटो बायकांच्या भिशीत फिरला, नालवाडीत फिरला आणि शेवटी काकूंच्या शोकेसमध्ये जाऊन बसला. वैशाली भाऊबिजेला सिंदीला गेली होती. तिला निरोप गेला, "तिसरा पदर घेऊन येजो. नाईतं तिकडंच राह्यजो."

ती राहिली. संक्रांत होऊन गेली तरी ती सिंदीलाच होती. मोतीरामजींनी देवाच्या शपथा घेऊन पाहिल्या, सोनाराला उभं करून पाहिलं. सोनार सिंदीचाच, त्यामुळे त्याची साक्ष धरली नाही. शेवटी दोन्हीकडच्यांनी ठरवलं की डिस्कवाल्याला विचारायचं. का, तर तो शिकलेला आहे, खोटं बोलणार नाही.

तर एका दुपारी चौघं दुकानात आले. काकू खुर्चीवर बसल्या. मोतीरामजी बाकड्याच्या टोकावर, हातात पिशवी धरून. पिशवीत त्यांची वीसीडी. वैशाली उभी. प्रफुल दारात उभा राहून बाहेर लावलेल्या आपल्या मोटरसायकलकडे पाहत होता, जणू तिचंच लग्न मोडत होतं. वडील स्टुलावर. त्यांनी मोतीरामजींना सांगून टाकलं, "काळजी नोका करू जी. पोरगं बी.एस्सी. हाय."

मला तोवर वाटत होतं की मी पंच आहे.

डीव्हीडी लावली, सूनमुखाशी थांबवली. काकू उठून टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर बोट ठेवलं. "एक. दोन. तीन. घ्या. आता पोट्टीच्या गळ्यात पाहा."

वैशालीने गळ्यातली पोत ओंजळीत धरून पुढे केली. दोन पदर.

"दोनच होते वो बाई," मोतीरामजी म्हणाले. "माह्या हातानं सोनाराच्या इथून आनली मी."

"मंग हा टीव्ही खोटं बोलते काय?"

त्यांनी आपली वीसीडी पुढे केली. मी ती लावली. तीच जागा. वैशालीच्या गळ्यात हळदीचं बोट पुसल्यासारखा एक पिवळा पट्टा. एक पदर म्हणा, पाच म्हणा.

"पाहा!" काकू म्हणाल्या. "यायच्या डिस्कीत काईच दिसत नाई, म्हनून आनली. आमची डीव्हीडी हाय. सांग रे बीएस्सी, वीसीडीत किती टिपके?"

"एक लाख."

"डीव्हीडीत?"

"चार लाख."

"ऐका!"

माझं व्याख्यान गावात एका तरी माणसाने पाठ केलं होतं, आणि ते हे.

मी पुन्हा डीव्हीडी लावली. या वेळी पहिल्यांदा पाहिलं. दोन वर्षांत मी ते चित्र डीव्हीडीसाठी ताणलं, फोटोसाठी कापलं, पण पाहिलं नव्हतं. तिसरा पदर वरच्या दोघांपेक्षा फिका होता, आणि बरोबर तेवढ्याच अंतरावर, तसाच वळलेला. शेजारी काकूंचा गळा. त्या गळ्यात त्यांची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ. मी वळून खुर्चीतल्या काकूंकडे पाहिलं.

"काकू, लग्नात घातलेली एकदाणी हीच का?"

"हेच. माह्या लग्नातली हाय. कदी उतरवली नाई."

"टीव्हीत मोजा बरं."

काकू परत उठल्या. बोट ठेवलं. "एक…" बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"दुसरी कुठं ठेवली काकू?" मी विचारलं.

दारात प्रफुल फिसकन हसला. आल्यापासून त्याने काढलेला तो पहिला आवाज. "मुकाट राह्य बे!" काकू त्याच्यावर ओरडल्या, पण चित्रावरची नजर हलेना. स्वतःच्या गळ्यातली माळ चाचपली, टीव्हीतली पाहिली, परत चाचपली. मग हळूच विचारलं, "मंग याच्यात मी एवढी जाडी दिसते, तेबी मशीननंच काय?"

"नाही काकू. ते नाही."

मोतीरामजींच्या तोंडून श्वास सुटला. काकूही हसल्या, नाइलाजाने का होईना. वडील स्टुलावरून उठले. "पाह्यलं जी? शिकलेल्या मानसाचं काम हाय हे. मिटलं ना? बसा, चहा घेऊन येतो." आणि रस्ता ओलांडून टपरीकडे गेले. काय झालं ते टपरीवर सांगितल्याशिवाय ते परत येणार नाहीत हे मला माहीत होतं.

मी आरामात टेकून बसलो. "कधीकधी मशीन अशी शेड मारते," मी म्हणालो. "वरच्या पदराची शेड खालच्यावर पडून लपते, खालच्याची तेवढी उघडी दिसते. कोणाचा दोष नाही त्यात."

"सगळ्याच डीव्हीडीत मारते काय भाऊ?"

वैशाली बोलली होती.

"म्हणजे… काहीकाहींत मारते."

"मी बी.एस्सी.च्या सेकंड इयरले होते, तवा लग्न झालं," ती म्हणाली. "फिजिक्स होतं मले. म्हनून विचारते. जरा तेच चित्र ठेवा." ती टीव्हीपाशी आली. "वीसीडीत माह्या गालावर हे असे चौकोन चौकोन दिसत होते. खालून तिसरा मोठा, त्याच्या बाजूले दोन बारके. डीव्हीडीत बी तेच हाय. तिथंच, तेवढेच. टिपके चार लाख झाले, मंग गाल काऊन नाई सुधरला?"

दुकान इतकी वर्षं चालवलं. सहा सिनेमेवाले आले, गुरुजी आले, काकूंची डीव्हीडी नालवाडीने पाहिली, ब्लू-रे पाहायला अख्खं गाव आलं. एकानेही कधी चित्राकडे पाहून प्रश्न विचारला नव्हता.

"एकाच कॅशेटवरून काढल्या ना दोन्ही?" ती म्हणाली. "कॅशेट दाखवा मंग."

अजून एक उत्तर शिल्लक होतं, हे मला आजही आठवतं. शूटिंगवाल्याने कॅसेट हरवली म्हणता आलं असतं. तो हजर नव्हता. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती, चित्राकडेच पाहत होती, आणि तिच्या गालावरचे चौकोन मी मोजले. तिसरा मोठा, बाजूला दोन बारके. तिचंच बरोबर होतं.

"कॅसेट नाही," मी म्हणालो. "पुसली गेली. ही डीव्हीडी मी वीसीडीवरून केली. ती शेड मशीनने मारली नाही, मी मारली. फोटोत पुन्हा एकदा मारली."

पहिल्या बोलल्या काकू.

"म्हंजे नालवाडीत जे दाखोली ते वीसीडी होती?"

"हो."

"अन् जाऊबाईची?"

"त्यांची खरी डीव्हीडी असेल."

काकूंचा चेहरा जो पडला, तो तिसरा पदर खोटा निघाल्यावरही पडला नव्हता. मग त्यांना आपण कशासाठी आलो ते आठवलं. "बरं, झालं गेलं. चाल वो वैशाली, सिंदीहून बॅग घेऊन येजो उद्या."

वैशाली जागची हलली नाही. मला म्हणाली, "भाऊ, तुमी एक पदर लावला, आता काढला. मधातले महिने सिंदीत बाया मले भेटल्या की तोंडाकडं नाई पाहे, गळ्याकडं पाहे. ते कोन काढन?"

"चुकलं माझं."

"लिहून द्या."

"काय?"

"या कव्हरवर. याच्यात काय हाय ते. तो फोटो शोकेसमधी ठेवला हाय ना, त्याच्या जागी हे राहीन. मंगच मी राहीन त्या घरी."

दारातून प्रफुल म्हणाला, "लिहा भाऊ." बायकोच्या बाजूने तो बोलला तेवढंच. पण बोलला.

डिस्कवर नावं टाकायचा काळा पेन माझ्या खिशात असायचाच. ती सांगत गेली, मी सोनेरी अक्षरांवरून लिहीत गेलो. ही डिस्क वीसीडीवरून केलेली आहे. हिच्यात एकाचे दोन आणि दोनाचे तीन दिसतात. वैशालीच्या पोतीला लग्नात दोनच पदर होते. खाली नाव लिहिलं आणि कव्हर तिच्यापुढे केलं.

तिने वाचलं आणि परत दिलं. "पाटीवर हाय तसं लिहा. पुढं बी.एस्सी. लिहा."

मी लिहिलं. एवढ्यात वडील आले. एका हातात किटली, दुसऱ्यात एकात एक अडकवलेले कप, आणि टपरीवर कथा सांगून आल्याचा आनंद तोंडावर. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. मग टेबलावरचं कव्हर पाहिलं, वाकले, आणि काळ्या अक्षरांवरून बोट सरकवत सरकवत शेवटी आले. तिथे बोट थांबलं.

"हे बी.एस्सी. हाय," ते मोतीरामजींना म्हणाले. "बाकी मले येत नाई. पन एवढं वाचता येते."

वैशालीने चहाचा कप खाली ठेवला.

"हो बाबा," ती म्हणाली. "बरोबर वाचलं."